नेपथ्यासाठी जुने ड्रम, टिपाडे आणि कॅन स्वस्तात कसे मिळवावेत : सोलापूरच्या नाट्यसंस्थांसाठी मार्गदर्शक

गोदाम, कारखान्याचे आवार, बंदर किंवा पाणीटंचाईची वस्ती रंगमंचावर उभी करायची असली की जुने औद्योगिक ड्रम लागतातच. हौशी संस्था मात्र हे काम बहुतेक वेळा उलट्या क्रमाने करतात. आधी भंगारवाल्याकडे जाऊन दिसतील ती टिपाडे उचलली जातात, मग ती टेम्पोत मावतात का हे पाहिले जाते, आणि त्यांत पूर्वी काय भरलेले होते हा प्रश्न तालमीच्या खोलीत वास सुटल्यावर निघतो. खरा क्रम असा आहे: आधी मापे, मग ड्रममधला पूर्वीचा माल, त्यानंतर भाव, आणि वाहतूक, धुणे व रंग सर्वांत शेवटी. या क्रमात दुसरी पायरी गाळली तर पुढच्या सगळ्या पायऱ्यांवर केलेला खर्च वाया जातो, आणि कधी कधी माणूसही जखमी होतो.

टप्पा १ : काय हवे ते मापांसह कागदावर ठरवा

खरेदीला निघण्यापूर्वी प्रत्येक ड्रमचे नाटकातले काम लिहून काढावे. काही ड्रम नुसते दिसण्यासाठी असतात, काहींना नट टेकतात, ढकलतात किंवा वाजवतात, आणि एखाद्यावर नट उभा राहतो किंवा आत शिरतो. पहिल्या प्रकारासाठी फुटका, गळका, झाकण नसलेला ड्रमही चालतो आणि तोच सर्वांत स्वस्त मिळतो. शेवटच्या प्रकारासाठी मात्र निवडूनच घ्यावा लागतो, म्हणून त्यांची संख्या आधी ठरलेली असावी.

बाजारात मिळणाऱ्या वस्तूंची साधारण मापे अशी आहेत. २०० लिटरच्या पत्र्याच्या टिपाडाचा व्यास सुमारे ५८ सेंटिमीटर, उंची ८८ सेंटिमीटरच्या आसपास आणि वजन १५ ते २० किलो असते. त्याच आकाराचा निळा प्लास्टिक ड्रम थोडा उंच, पण ८ ते १० किलोचाच असतो. ३५ आणि ५० लिटरचे कॅन एका माणसाला सहज हलवता येतात. खाद्यतेलाचा १५ किलोचा चौकोनी डबा नऊ इंच रुंद आणि सुमारे चौदा इंच उंच असतो. लोखंडी पिंजऱ्यातली १००० लिटरची पांढरी टाकी, जिला यार्डात आयबीसी म्हणतात, तिचा तळ १२० बाय १०० सेंटिमीटर, उंची सुमारे ११६ सेंटिमीटर आणि रिकामे वजन साठ किलोच्या आसपास असते.

या आकड्यांचा दिग्दर्शनाशी थेट संबंध आहे. टिपाड माणसाच्या कमरेपर्यंत येते, त्यामुळे टेकून बोलायला किंवा वर पत्ते मांडायला ते उत्तम असते, पण बसायला अवघड जाते, कारण खुर्चीची बैठक साधारण ४५ सेंटिमीटरवर असते आणि टिपाडावर बसलेल्या नटाचे पाय लोंबकळतात. बसण्यासाठी ५० लिटरचे कॅन किंवा फळीवर एकत्र बांधलेले तेलाचे डबे घ्यावेत.

जहाजावरचा मोठा कंटेनर आणण्याचा विचार मनात असेल तर तो सोडून द्यावा. वीस फुटी कंटेनरचे रिकामे वजनच दोन टनांच्या पुढे जाते. लाकडी चौकटीवर पन्हाळी पत्रा ठोकून त्याची एक बाजू उभी केली, तर प्रेक्षकाला तेवढे पुरते.

तपासणी : प्रयोग हुतात्मा स्मृती मंदिरात असो की महाविद्यालयाच्या सभागृहात, सामान आत नेण्याचा दरवाजा, त्याच्या आधीचे वळण आणि विंगेतली मोकळी जागा स्वतः टेपने मोजावी. तीन फुटी दरवाजा ९१ सेंटिमीटरचा असतो आणि त्यातून आयबीसी टाकी कोणत्याही बाजूने जात नाही. हे प्रयोगाच्या सकाळी समजून उपयोग नाही.

टप्पा २ : कुठे आणि कोणत्या महिन्यांत शोधायचे

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे चांगल्या ड्रमचा खरा ग्राहक नाट्यसंस्था नसून घरगुती पाणी साठवणारा माणूस असतो. उन्हाळा जवळ आला की धड झाकणाच्या निळ्या ड्रमची मागणी वाढते आणि भाव चढतो. म्हणून खरेदी पावसाळ्यात किंवा दिवाळीपूर्वी उरकावी. हिवाळ्यातल्या स्पर्धांसाठी ते वेळापत्रक सोयीचेही पडते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाण्याला न चालणारा माल मागावा. तळाला चीर गेलेला, बूच हरवलेला, पोचे पडलेला ड्रम भंगारवाल्याच्या दृष्टीने नुसते वजन असतो. नेपथ्याला मात्र तो नव्यापेक्षा जास्त शोभतो.

शोध खाद्यपदार्थांच्या बाजूने सुरू करावा. फरसाण आणि मिठाईचे कारखाने, बेकऱ्या व खाणावळी यांच्याकडे तेलाचे व वनस्पती तुपाचे डबे, तसेच लिक्विड ग्लुकोजचे प्लास्टिक ड्रम नियमित रिकामे होतात. लोणच्याची पिंपेही मिळतात आणि ती निर्धोक असतात, पण मोहरी-हिंगाचा वास प्लास्टिकमध्ये इतका मुरलेला असतो की आत लपणारा नट तक्रार केल्याशिवाय राहणार नाही. बाजार समितीच्या आवारात प्लास्टिकचे क्रेट ढिगाने दिसतात, पण त्यांतले बरेचसे व्यापाऱ्यांच्या मालकीचे आणि परत जाणारे असतात. ज्या क्रेटवर नाव कोरलेले आहे तो तिऱ्हाईताकडून विकत घेऊ नये.

अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत चादरी-टॉवेलचे कारखाने आणि त्यांना लागणारी डाईंगची कामे आहेत, तर चिंचोळीच्या वसाहतीत रसायनांचे आणि औषधांचे उद्योग आहेत. दोन्हीकडे ड्रम भरपूर दिसतात, पण तिथे सरळ फाटकावर जाऊन सौदा करू नये. धोकादायक रसायनांनी माखलेले रिकामे ड्रम हा केंद्राच्या २०१६ च्या धोकादायक कचरा नियमांनुसार धोकादायक कचराच ठरतो, आणि कारखान्याने तो महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या व्यावसायिकाकडेच द्यायचा असतो. ‘मागच्या बाजूला पडलेत, घेऊन जा’ असे कोणी प्रेमाने म्हटले तरी नको म्हणावे. रसायनांचेच ड्रम हवे असतील तर परवानाधारक धुलाईवाल्याकडून, धुऊन तयार झालेले घ्यावेत आणि पावतीवर त्यांचा पूर्वीचा माल लिहून मागावा.

टप्पा ३ : आत काय होते हे शोधून काढा

इथे घाई अजिबात करू नये. भंगारवाल्याला ‘यात काय होते?’ असे विचारले की ‘काही नाही, साबणाचे पाणी’ हे उत्तर तयार असते. तो मुद्दाम खोटे बोलतो असे नाही. अनेकदा त्यालाही माहीत नसते. म्हणून प्रश्न बदलून ‘हा कुठल्या कारखान्यातून आला?’ असे विचारावे, आणि बाकीची माहिती ड्रमकडूनच काढून घ्यावी.

पहिली पायरी लेबलची. लेबल फाटलेले असले तरी कोपऱ्यावर उभ्या चौकोनात छापलेली धोक्याची खूण बहुधा अर्धीमुर्धी शिल्लक असते. लाल रंगावर ज्वाळा म्हणजे ज्वलनशील द्रव. पिवळ्यावर वर्तुळ आणि त्यावर ज्वाळा म्हणजे दुसऱ्या वस्तूला पेटायला मदत करणारे रसायन. वर पांढरा व खाली काळा भाग आणि हातावर सांडणारी नळी म्हणजे कातडी जाळणारे द्रव्य. कवटी म्हणजे विष. वर पांढरा, खाली लाल भाग आणि ज्वाळा म्हणजे हवेत आपोआप पेट घेऊ शकणारा पदार्थ. खुणेजवळ चार आकडी क्रमांक असला तर तो लिहून घ्यावा, कारण त्यावरून रसायनाचे नाव कळते. सोलापूरच्या डाईंगमध्ये भेटणारे क्रमांक म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडचा २०१४, कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाचा १८२४, तीव्र ॲसेटिक ॲसिडचा २७८९ आणि हायड्रोजचा (सोडियम हायड्रोसल्फाइटचा) १३८४.

दुसरी पायरी ड्रमच्या अंगावर उठवलेल्या किंवा छापलेल्या सांकेतिक खुणेची. १ए१ म्हणजे पत्र्याचा, वरून बंद, फक्त बुचे असलेला ड्रम. १ए२ म्हणजे पत्र्याचा, पूर्ण झाकण निघणारा. प्लास्टिकला ए ऐवजी एच असते. याच ओळीत पुढे बनावटीच्या वर्षाचे शेवटचे दोन अंक असतात. या खुणेवरून लोक दोन उलटसुलट चुका करतात. खूण दिसली की ड्रममध्ये विषच होते असे समजतात, किंवा खूण नाही म्हणून तो निर्धोक मानतात. ही खूण फक्त एवढेच सांगते की ड्रम धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठी तपासून बनवला आहे. आत प्रत्यक्षात काय भरले होते ते ती सांगत नाही.

तिसरी पायरी आत पाहण्याची. बूच सावकाश सैल करावे, दाब निघून जाऊ द्यावा, आणि मोबाइलच्या उजेडात दूरून पाहावे. काडी किंवा लायटर पेटवून आत डोकावणारी माणसे अजूनही आहेत, म्हणून हे लिहावे लागते. नाक भोकाला लावू नये. हाताने हवा आपल्याकडे लोटून वास घ्यावा. पेरॉक्साइडच्या कॅनचे झाकण बारीक छिद्राचे असते, कारण त्यातून वायू सुटत राहतो. लेबल नसताना ही खूण उपयोगी पडते.

पुढील वस्तू कितीही स्वस्त असल्या तरी घेऊ नयेत.

कीटकनाशकाचे कॅन. सांगोला-मंगळवेढ्याकडच्या डाळिंबाच्या बागांतून असे कॅन भंगारात येतात, आणि ते किती वेळा धुतले तरी तालमीत वापरण्याजोगे होत नाहीत.

हायड्रोजचे डबे. चादरीचा रंग पक्का बसवण्याच्या प्रक्रियेत ही पांढरी भुकटी लागते. रिकाम्या डब्याच्या कडेला ती चिकटून राहते, थोडेसे पाणी लागले की तापते, उग्र सल्फरचा वायू सोडते आणि पेटूही शकते. म्हणजे धुऊन साफ करू म्हटले की धोका तिथूनच सुरू होतो.

थिनर, सॉल्व्हंट आणि रंगाची टिपाडे. भरलेल्या टिपाडापेक्षा तळाशी चमचाभर थिनर उरलेले टिपाड अधिक घातक असते, कारण त्यात वाफ आणि हवा यांचे स्फोटक मिश्रण तयार असते.

इशारा : ज्याचा पूर्वीचा माल शेवटपर्यंत कळला नाही, त्या ड्रमला वरील तिन्हींच्या रांगेत बसवावे.

टप्पा ४ : भाव

या धंद्यात दोन भाव असतात, नगावरचा आणि वजनावरचा. धड ड्रमला नगाचा भाव लागतो, खराब झालेल्याला किलोचा. भंगारवाला नाटकवाल्यांना पाहून फुटक्यालाही नगाचाच भाव लावतो, म्हणून आधी पाण्याला चालणारा आणि न चालणारा असे दोन ढीग आपणच वेगळे करावेत, दुसऱ्या ढिगाचा भाव वजनावर मागावा आणि पहिल्यातले लागतील तेवढेच नग उचलावेत.

त्याहून चांगला सौदा म्हणजे भाड्याचा. पूर्ण रक्कम अनामत ठेवून प्रयोगानंतर माल परत देण्याचे ठरवावे, आणि रंग दिला तर किती कापून घेणार हे त्याच वेळी बोलून घ्यावे. ही एक गोष्ट न बोलल्यामुळेच बहुतेक भांडणे होतात. पावती घ्यावी. कारखान्याच्या आवारातून माल निघत असेल तर गेट पासशिवाय गाडी हलवू नये.

टप्पा ५ : वाहतूक

छोट्या हत्तीचा हौदा सुमारे सात फूट लांब आणि पावणेपाच फूट रुंद असतो. त्यात २०० लिटरची टिपाडे उभी ठेवली तर सरळ ओळीत सहाच बसतात. वजन नाममात्र असले तरी जागा संपते, कारण बंद टिपाड दुसऱ्यात शिरत नाही. बारा टिपाडे म्हणजे दोन खेपा असा हिशेब धरावा. तेलाचे डबे आणि कॅन टिपाडांच्या मधल्या फटींत भरावेत. दोर टिपाडांच्या मध्यावर एकदा आणि वरच्या कडेजवळ एकदा असा दोनदा ओढावा, आणि सगळी बुचे लावलेली आहेत ना हे गाडी सुटण्यापूर्वी पाहावे.

टप्पा ६ : धुणे

उघड्या जागेत, रबरी हातमोजे व चष्मा घालून, आणि तालमीच्या किमान आठवडाभर आधी धुवावे. तेलाचे डबे आधी लाकडाच्या भुशाने कोरडे पुसून घ्यावेत, मग गरम पाणी आणि भांड्यांचा साबण वापरावा. थेट पाणी ओतले तर तेल नुसते पसरते. भुसा फक्त खाद्यतेलासाठीच वापरावा, कारण पेरॉक्साइडसारख्या रसायनाच्या अंशाला भुसा लागला तर तो पेटू शकतो. ड्रम चतकोर भरून, झाकण लावून आडवा घोळवावा आणि पाणी बदलून हे तीनदा करावे. नंतर तोंड खाली करून उन्हात ठेवावा.

तपासणी : परवानाधारकाकडून आणलेल्या ड्रमच्या आतल्या ओल्या भिंतीला लिटमस कागद लावून पाहावा. तांबडा कागद निळा झाला तर कॉस्टिक शिल्लक आहे, निळा तांबडा झाला तर आम्ल. यांपैकी काहीही दिसले तर ते पाणी गटारात न सोडता, ड्रम बंद करून ज्याच्याकडून आणला त्याला परत करावा. दुसरी तपासणी वासाची: झाकण लावून ड्रम दुपारभर उन्हात ठेवावा आणि मग उघडावा. थंड खोलीत न येणारा वास दिव्यांच्या उष्णतेत येतो, आणि प्लास्टिकमध्ये मुरलेला वास कशानेही जात नाही.

टप्पा ७ : कापणे, रंगवणे आणि रंगमंचावर लावणे

पत्र्याचे टिपाड नेपथ्यासाठी कापावे लागत असेल तर आधी नेपथ्यच बदलता येते का ते पाहावे. ग्राइंडरच्या ठिणगीने किंवा वेल्डिंगच्या उष्णतेने रिकामे टिपाड फुटते, आणि डिझेल किंवा जाड तेलाचे टिपाडही याला अपवाद नाही, कारण थंड असताना निरुपद्रवी वाटणारा थर तापल्यावर वाफ सोडतो. अर्धे टिपाड हवेच असेल तर धुतलेला खाद्य मालाचा प्लास्टिक ड्रम हातकरवतीने कापावा, रंगाने त्याचे पत्र्याचे टिपाड करावे, आणि कापलेल्या कडेवर चिरलेली रबरी नळी बसवावी.

प्लास्टिकवर रंग टिकत नाही ही तक्रार नेहमीची आहे. तो टिकत नाही, कारण पृष्ठभाग तेलकट आणि गुळगुळीत असतो. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावे, साबणाने पुसून वाळवावे, प्लास्टिकला चालणारा प्रायमर द्यावा आणि मगच रंग द्यावा. रंग मॅटच हवा. चकचकीत रंगावर दिव्यांचे डाग पडतात आणि मागच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही ड्रम नवा दिसतो. पत्र्यावरचा खरा गंज खरवडून पुन्हा खोटा गंज रंगवण्यात अर्थ नाही. सुटणारी पापुद्री ब्रशने काढावी आणि वरून बिनरंगी मॅट लॅकरचा हात द्यावा, म्हणजे कपड्यांना डाग लागत नाहीत.

आवाजाचा विचार रंगीत तालमीपर्यंत लांबवू नये. लाकडी रंगमंचावर पत्र्याचे टिपाड सरकवले की पुढचे वाक्य कोणाला ऐकू येत नाही. सायकलची जुनी ट्यूब कापून खालच्या कडेला गुंडाळली तर आवाजही थांबतो आणि सभागृहाची जमीनही ओरखडत नाही. जे टिपाड मुद्दाम वाजवायचे आहे तेवढे मोकळे ठेवावे.

नट ज्यावर उभा राहणार त्या टिपाडाच्या वरच्या कडेवर टेकेल अशी १८ मिलिमीटर प्लायवूडची चकती बसवून खालून गुटके ठोकावेत, म्हणजे ती सरकत नाही; नुसत्या पत्र्यावर पाय दिला तर पत्रा दबतो आणि ‘टडाक’ असा आवाज होतो. तळाशी पंधरा-वीस किलो वाळूची पिशवी ठेवावी. वजनासाठी पाणी भरू नये, कारण जवळच दिव्यांच्या वायरी असतात. एकावर एक रचलेली टिपाडे नटबोल्टने जोडल्याशिवाय दोनपेक्षा उंच नेऊ नयेत. आयबीसी टाकीच्या पिंजऱ्यावर प्लायवूड टाकून तिची लेव्हल, म्हणजे उभे राहण्याचा उंच चौथरा, करता येते, पण भार पिंजऱ्याच्या नळ्यांवर यावा, आतल्या प्लास्टिकवर नाही. ही टाकी अर्धपारदर्शक असल्यामुळे आत एलईडी लावला तर सुरेख उजळते. हॅलोजन मात्र लावू नये, प्लास्टिक वितळते.

इशारा : ज्यात नट शिरणार तो ड्रम पूर्ण झाकण निघणाराच असावा, झाकणाची लोखंडी पट्टी काढून टाकलेली असावी, मागच्या बाजूला हवेची छिद्रे असावीत, आणि विंगेतल्या एका ठरावीक माणसावर त्या ड्रमची जबाबदारी असावी.

टप्पा ८ : प्रयोगानंतर

प्रयोग संपला की रंगवलेले निळे ड्रम कोणीतरी ‘घरी पाण्याला होतील’ म्हणून मागतो. खाद्य मालाचा, न कापलेला, न रंगवलेला ड्रम देण्यास हरकत नाही. बाकी कोणताही ड्रम बाहेर जाण्यापूर्वी त्याच्या तळाला हाताच्या ड्रिलने दोन-तीन मोठी भोके पाडावीत, मग मागणारा आपोआप माघार घेतो. रसायनांचे ड्रम ज्या परवानाधारकाकडून आणले त्यालाच पावती दाखवून परत करावेत, आणि अनामत परत घेताना कापलेल्या रकमेची नोंद त्याच पावतीवर करून घ्यावी.